राशोलचा पाद्री आणि तापीकाठचा पाहुणा

गणपती बसायच्या आधी आठ-दहा दिवस आपल्याकडे एकच चर्चा असते. तापीला पाणी किती आलं, आणि विसर्जनाच्या दिवशी राजघाटाच्या पायऱ्या दिसतील की नाही. बहादरपूरहून गावात यायचं तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडूनच निघावं लागतं, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडण्याचा हा हंगाम. पण पावसाळ्यात बुऱ्हाणपूरच्या रस्त्यांवर चालता येत नाही, ही तक्रार किती जुनी असेल, याचा कुणी विचार केला आहे का?

ती किमान चारशे चाळीस वर्षांची आहे, आणि लिहून ठेवलेली आहे. १५८४ च्या सुमारास राल्फ फिच नावाचा एक इंग्रज व्यापारी आपल्या गावात आला. त्याने नोंद केली की जून, जुलै, ऑगस्ट या महिन्यांत इथे इतकं पाणी साचतं की घोड्यावर बसल्याशिवाय रस्त्यावरून जाता येत नाही. घरं मातीची आणि वर गवताने शाकारलेली. मुलूख भलताच मोठा, माणसांनी गजबजलेला. सुती कापड आणि रंगवलेली, चितारलेली वस्त्रं इथे अमाप होतात. धान्य आणि तांदूळही भरपूर. चांदीचं नाणं गोल आणि जाड, चोख चांदीचं. शिवाय आठ-दहा वर्षांचे नवरदेव आणि पाच-सहा वर्षांच्या नवऱ्या घोड्यावर बसवून, वाजतगाजत मिरवताना त्याने पाहिल्या, आणि रात्री उशिरापर्यंत चाललेलं जेवण आणि नाच पाहून तो चकित झाला. त्या वेळी गादीवर राजे अलीखान फारुकी होता. आपल्या जामा मशिदीत ज्याचा संस्कृत शिलालेख आजही वाचता येतो, तोच हा राजा. मशीद पुरी व्हायला अजून पाच-सहा वर्षं होती. आणि आपलं बहादरपूर तर वसलंही नव्हतं. ते ज्याच्या नावाचं, तो बहादूरखान फारुकी १५९७ मध्ये गादीवर आला.

इंग्रजी भाषेत बुऱ्हाणपूरचं इतकं जुनं वर्णन माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही. सर टॉमस रो हा इंग्रज वकील शाहजादा परवेझच्या भेटीला इथे आला, तो नोव्हेंबर १६१५ मध्ये, म्हणजे फिचनंतर तीस वर्षांनी. पण मला आज फिचबद्दल फार सांगायचं नाही. फिच इथपर्यंत पोचला तो एका तरुण पाद्र्यामुळे. त्याने मध्यस्थी केली नसती, तर हा मनुष्य गोव्याच्या तुरुंगातून लवकर बाहेर पडता ना. आणि तो पाद्री आपल्याला, मराठी माणसांना, अगदी परका नाही. शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख बहुतेकांना झालेली आहे. मराठीची थोरवी गाणारा परदेशी म्हणून आपण त्याच्या ओव्या पाठ केल्या, मार्क मिळवले, आणि विसरलो. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स.

तो आला कसा, इथून सुरुवात करू.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, एका व्यापाऱ्याच्या घरी, १५४९ च्या सुमारास त्याचा जन्म. शिक्षण विंचेस्टरला. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ. देशाने पोपशी नातं तोडलेलं. जुन्या रोमन पंथाला चिकटून राहणाऱ्यांना दंड, तुरुंग, आणि पाद्री सापडलाच तर फासदेखील. एडमंड कॅम्पियन या जेझुइट पाद्र्याला १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये फाशी दिलं, यावरून हवा काय होती ते कळावं. स्टीफन्सचा एक श्रीमंत मित्र होता, थॉमस पाउंड. दोघांनी मिळून रोमला पळून जेझुइट व्हायचं ठरवलं. स्टीफन्स त्याचा नोकर म्हणून वेष पालटून त्याच्याबरोबर हिंडत असे. पाउंड पकडला गेला आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स निसटला. १५७५ च्या ऑक्टोबरात तो रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्या मनात मिशनरी म्हटलं की सत्तेच्या पाठबळाने आलेला माणूस उभा राहतो. हा मुलगा मात्र स्वतःच्या देशात स्वतःचा धर्म पाळता येत नाही म्हणून घरदार सोडून आलेला होता. आई-वडिलांकडे तो पुन्हा कधीच गेला नाही.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच जहाजं निघाली, तोफा आणि कर्णे वाजवीत. गोव्याला पोचायला २४ ऑक्टोबर उजाडला. पोचल्यावर पंधरा-सोळा दिवसांत त्याने वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. पुढे हॅक्लुट याने प्रवासवर्णनांच्या आपल्या मोठ्या संग्रहात ते छापलं, म्हणून आज वाचायला मिळतं. त्यात धर्माचं फार नाही. उडणारे मासे आहेत, शार्क आहेत, होकायंत्राची सुई कुठे किती सरकते याची चर्चा आहे. प्रवासात दीडशेच्या वर माणसं आजारी पडली आणि सत्तावीस गेली, आणि हे फारच थोडं झालं असं जहाजावरचे लोक म्हणत होते, हेही आहे. समुद्राचा त्रास पुरुषांपेक्षा लहान मुलं बरा सोसतात, आणि त्यात नवल ते काय, बायकाही चांगल्या तग धरतात, असं तो गंभीरपणे वडिलांना कळवतो. मला ही जागा फार आवडते. शेवटी गोव्याबद्दल लिहिताना म्हणतो, की द्राक्षाची वेल सोडली तर युरोपात पाहिलेलं एकही झाड मला इथे दिसलेलं नाही. परक्या मुलखात पहिल्या पंधरा दिवसांत माणसाला काय वाटतं, ते यात सगळं आलं. आपल्यातले ज्यांचे पणजोबा देशावरून, खानदेशातून इकडे आले, त्यांनी लिहून ठेवलं असतं तर असंच काहीतरी लिहिलं असतं. फक्त त्यांना झाडं तरी ओळखीची होती.

आता तो ज्या मुलखात आला, तो कसा होता?

गोव्याच्या दक्षिणेला साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून सासष्टी. तिथली देवळं १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी पाडली. त्याआधी आणि त्या धामधुमीत लोकांनी आपल्या देवतांच्या मूर्ती रातोरात नदीपार नेल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. आज आपण गोव्याला सहलीला जातो, मंगेशीला नारळ वाढवतो, तो देव निर्वासित आहे हे किती जणांच्या लक्षात असतं? १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. देशी भाषेतली पुराणं, पोथ्या घरात ठेवणं धोक्याचं झालं. स्टीफन्स साष्टीत गेला तेव्हा ही जखम ताजी होती. आणि तो जखम करणाऱ्यांच्या बाजूने आलेला होता, यात काही शंका नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या तलवारीच्या छायेत तो शिकवत होता, ती त्याच्या मायदेशातल्या राणीपेक्षा काही कमी कठोर नव्हती. घरी जे त्याच्या लोकांवर चाललं होतं, तेच इथे दुसऱ्यांवर चाललेलं तो पाहत होता. याबद्दल त्याला काय वाटलं, ते त्याच्या लेखनात शोधून मला सापडलं नाही. कदाचित काही वाटलंही नसेल. माणसाला दुसऱ्याचं दुःख आपल्या दुःखासारखं दिसतंच असं नाही.

१५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट पाद्री गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत रुडॉल्फ अक्वाविवा होता, अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला तीन वर्षं राहून नुकताच परतलेला. देवळं पाडणारे पुन्हा आले, आता इथे चर्च बांधणार, असं गावकऱ्यांना वाटलं, आणि त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. मृतदेह परत आणण्याचं काम स्टीफन्सकडे आलं. पुढे पोर्तुगीजांनी सूड घेतला. कुंकळ्ळीच्या सोळा गावकऱ्यांना बोलणीच्या मिषाने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. एक जण नदीत उडी टाकून निसटला, असं तिथली परंपरा सांगते. त्यांचं स्मारक आज कुंकळ्ळीत उभं आहे.

याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्टीफन्सने पॅरिसमधल्या आपल्या भावाला, रिचर्डला, पत्र लिहिलं. कुंकळ्ळीची हकीकत त्यात आहेच. पण त्याच पत्रात, इथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचा उच्चार कानाला गोड वाटतो, आणि त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं तो लिहितो. अक्षरं कशी जोडली जातात, त्याचंही कौतुक करतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातल्या असाव्यात, असं सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात म्हटलं, ते १७८६ मध्ये. दोनशे वर्षं आधी साष्टीतल्या एका पाद्र्याला ते साधर्म्य जाणवलं होतं. बरोबरीची माणसं मारली गेलेली, आणि हा मारणाऱ्यांच्या भाषेची वाखाणणी करतो आहे. इथे मला हा माणूस वेगळा वाटू लागतो.

आणि त्याच हिवाळ्यात फिच आला.

लंडनहून टायगर नावाच्या जहाजाने चौघे जण निघाले होते: जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स नावाचा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. सीरियाच्या किनाऱ्यावर उतरून अलेप्पो, बगदाद, बसरा करीत ते होर्मुझला पोचले. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली चेटकीण टायगर जहाजाचा आणि अलेप्पोचा उल्लेख करते, तो याच सफरीच्या गाजावाजावरून आला असावा असं बरेच जण मानतात. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना हेर म्हणून पकडलं. एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने चुगली केली होती. धंद्यातली चढाओढ, दुसरं काय. नोव्हेंबरच्या अखेरीस बेड्यांतच त्यांना गोव्याला आणलं आणि तुरुंगात टाकलं. भाषा येत नाही, ओळख नाही, आणि धर्माने प्रॉटेस्टंट, म्हणजे इन्क्विझिशनच्या नजरेत पाखंडीच.

स्टीफन्सला कळलं, तो धावला. या चौघांचा पंथ म्हणजे त्याच्या आप्तमित्रांना तुरुंगात घालणाऱ्यांचा पंथ. त्याने तो हिशेब केला नाही. नेदरलंड्सकडचा आणखी एक जेझुइट त्याच्या सोबतीला होता. दोघांनी आर्चबिशपकडे शब्द टाकला, जामीन मिळवून दिला, आणि डिसेंबर संपायच्या आत ते बाहेर आले. न्यूबेरीने जानेवारी १५८४ मध्ये गोव्याहून घरी पत्र लिहिलं, त्यात या इंग्रज पाद्र्याचं नाव आहे. फिचनेही लिहिलं, की देवाने या दोन पाद्र्यांच्या मनात आमच्याविषयी कळवळा घातला नसता, तर आम्ही तुरुंगातच कुजलो असतो.

चित्रकार स्टोरी जेझुइटांच्या चर्चची भिंत रंगवायला राहिला आणि पुढे गोव्यातच लग्न करून स्थायिक झाला. बाकी तिघांनी छोटंसं दुकान मांडलं. पण जप्त माल परत मागायला गेले तेव्हा गव्हर्नरने सुनावलं, की तुमची अजून नीट झडती व्हायची आहे. त्याचा अर्थ त्यांना समजला. एप्रिल १५८४ च्या सुमारास, सहलीला जातो असं दाखवून, ते नदी ओलांडून पळाले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असे फिरत फिरत वऱ्हाडातून बाळापूरमार्गे आपल्या बुऱ्हाणपूरला आले. रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, ते वर सांगितलंच.

जामीन राहिलेल्यांचं काय झालं असेल, असा प्रश्न माझ्या मनात येतो. ज्याच्या शब्दावर सुटले, त्याला न सांगता पळाले. स्टीफन्सला त्याचा त्रास झालाच असेल. तो मात्र साष्टीतच राहिला, आणि पुढची पस्तीस वर्षं तिथून हलला नाही.

इथपर्यंत मी त्यांना ‘तो’ म्हणत आलो. यापुढे ‘ते’ म्हणायला हवं, कारण आता ते आपल्या भाषेचे विद्यार्थी झाले आहेत, आणि लवकरच पंडित होणार आहेत.

शिकवायला आलेल्या माणसाला आधी शिकावं लागतं. स्टीफन्स यांनी किती शिकावं? घरात बोलायची कोकणी वेगळी, पोथीतली मराठी वेगळी, हे त्यांनी ओळखलं. कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं, आणि भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. मुलांना धर्म शिकवायची प्रश्नोत्तरी कोकणीत लिहिली. पण मोठ्या ग्रंथासाठी त्यांनी मराठी घेतली, कारण साष्टीतल्या माणसाच्या कानाला पुराण म्हटलं की मराठी हवी असे. हे त्यांना कुणी विद्यापीठात सांगितलं नव्हतं. ज्या घरांतून पोथ्या उचलून नेल्या गेल्या होत्या, त्या घरांतल्या माणसांशी बोलून ते कळलं असणार.

त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीलाच हा प्रसंग आहे. साष्टीत एक दिवस पाद्री मुलांना धर्माचे पाठ देत असतात. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण येतो. ऐकतो, आणि मग आपलं गाऱ्हाणं मांडतो. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला तसंच काही का देत नाही? माझ्या मते साऱ्या ग्रंथाचं मूळ या एका प्रश्नात आहे. त्यात भक्ती आहे, पण राग आणि रितेपणही आहे. संध्याकाळी दिवा लावून बसायचं, एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, ही गावाची शेकडो वर्षांची सवय. देव बदलला म्हणून ती सवय जात नाही. संध्याकाळ तर रोजच येते.

स्टीफन्स यांनी हे गाऱ्हाणं दाबून टाकलं नाही, ग्रंथात लिहून ठेवलं. आणि त्याला उत्तर म्हणून जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. ‘पैले पुराण’ छत्तीस अवस्वरांचं, ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरांचं. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या करारातल्या कथा, दुसऱ्यात येशूचं चरित्र. वृत्त ओवी. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची, आणि जात्यावरच्या आयाबायांचीही. नाथमहाराजांनी पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी १५८४ मध्ये. ज्या वर्षी फिच मराठी मुलूख तुडवीत बुऱ्हाणपूरकडे येत होता, त्याच वर्षी. तेव्हा स्टीफन्स साष्टीत अजून शब्द गोळा करीत असतील. या तिघांना एकमेकांची खबर नव्हती. आपण मात्र चारशे वर्षांनी तिघांना एका ओळीत बसवू शकतो, ही इतिहास वाचण्याची गंमत.

शब्दांचं पाहा. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. मोक्ष, पुण्य, भक्त, देव हे शब्द जसेच्या तसे घेतात. जिथे आपल्याकडे शब्दच नाही, तिथेच पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द येतो, तोही मराठी प्रत्यय लावून. कुणी म्हणेल ही युक्ती आहे, आपल्याच शब्दांनी आपल्याला फिरवायची. युक्ती होतीच. पण वैकुंठ हा शब्द उच्चारताना ऐकणाऱ्याच्या मनात काय काय उभं राहतं, ते माहीत असल्याशिवाय तो वापरता येत नाही, आणि ते माहीत करून घेताना माणूस पहिल्यासारखा राहत नाही. युक्तीसाठी माणूस शे-दोनशे ओव्या लिहितो. अकरा हजार ओव्या लिहायला त्या भाषेची गोडी लागावी लागते.

ग्रंथ छापायचा म्हटला तर अडचण लिपीची. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण देवनागरीचे खिळे नव्हते. ५ डिसेंबर १६०८ ला स्टीफन्स यांनी रोमला, संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. या देशातल्या भाषेत आणि याच देशातल्या लिपीत पुस्तकं छापलेली पाहावीत, ही माझी फार वर्षांची इच्छा आहे, असं त्यात म्हटलं. अडचण काय, तर जोडाक्षरं धरून सहाशेच्या आसपास साचे लागतात, इतके कोण ओतणार? पण विचार करून ही संख्या दोनशेवर आणता येईल. मराठी टंकाचा हिशेब मांडणारी ही माझ्या माहितीतली पहिली नोंद. तेव्हा ते साठीला आले होते. साचे काही आले नाहीत. १६१६ मध्ये राशोलला पुराण छापलं गेलं ते रोमन अक्षरांत. आपली नातवंडं मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात म्हणून आपण डोक्याला हात लावतो. स्टीफन्स यांनीही तो हात लावलाच असेल.

तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, ते गोव्यातच वारले. चाळीस वर्षं झाली होती. विल्टशर पुन्हा पाहिलं नाही.

इथे जरा आपल्या आसीरगडाकडे वळतो, कारण तुलना करायला फार चांगला दाखला घरातच आहे. १६०० साली अकबराने आसीरगडाला वेढा घातला, तेव्हा बादशहाच्या छावणीत दुसरा एक जेझुइट होता, जेरोम झेविअर. जुन्या गोव्याला ज्यांचं शव आहे, त्या फ्रान्सिस झेविअर यांच्या कुळातला. बहादूरखान किल्ल्यातून खाली आला, कैद झाला, आणि १६०१ च्या जानेवारीत गड पडला, या सगळ्या प्रकरणाची जेझुइटांची हकीकत इतिहासकार आजही फारसी बखरींशी ताडून पाहतात. म्हणजे ज्याच्या नावाने बहादरपूर ओळखलं जातं, त्याचा शेवटचा अंक पाहणाऱ्यांत गोव्याकडून आलेला एक पाद्री होता. या झेविअरनेही ख्रिस्तचरित्र लिहिलं, फारसीत, १६०२ मध्ये, खुद्द अकबरासाठी. सुंदर चित्रांनी सजलेल्या त्याच्या प्रती आता संग्रहालयांत आहेत. दरबाराने ते पुस्तक पाहिलं, कौतुक केलं, बाजूला ठेवलं.

साष्टीच्या शेतकऱ्यांसाठी लिहिलेलं मराठी पुराण मात्र लोकांनी गायलं. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे पोर्तुगीजांचंच मन फिरलं. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या राज्याच्या आश्रयाने ग्रंथ छापला गेला, त्याच राज्याने त्याची भाषा बंद करायला घेतली. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उरलेली नाही. पण गोव्यातून दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांनी हस्तलिखितं उतरवून ठेवली होती. परक्या राज्यात, कानडी मुलखात, ते उपासाच्या दिवसांत पुराण वाचत. टिपूने या लोकांना श्रीरंगपट्टणला नेऊन कैदेत ठेवलं, तेव्हाही ते त्यांच्या सोबत होतं असं सांगतात. त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला, रोमन लिपीतच. नंतर १९२० च्या दशकात लंडनमधल्या मार्सडन संग्रहात देवनागरीतली एक प्रत जस्टिन अ‍ॅबट यांना सापडली. अ‍ॅबट हेही मिशनरीच, अमेरिकन मराठी मिशनचे. उतारवयात त्यांनी एकनाथ-तुकारामांची चरित्रं इंग्रजीत आणायला घेतली. शिकवायला येऊन शिकून जाण्याची ही लागण एकट्या स्टीफन्स यांना झालेली नव्हती, एवढं यावरून दिसतं.

मंगळूरची ती घरं मला वारंवार आठवतात. आपणही गाव सोडून आलेली माणसं. आपल्याकडे शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजार हिंदी. मराठी उरली ती देवघरात, स्वयंपाकघरात, आणि गणपतीच्या या दहा दिवसांत मंडळाच्या मांडवात. त्यांच्याकडे एक पोथी होती. ती ज्या परिस्थितीत जन्मली ती चांगली नव्हती. तिच्या पायाशी पाडलेली देवळं आणि उचललेल्या पोथ्या आहेत, आणि कुंकळ्ळीचं स्मारक पाहिलेला माणूस ते विसरू शकत नाही. मीही विसरलेलो नाही. काही वर्षांपूर्वी मडगावला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा राशोलला जाऊन आलो. झुआरीच्या काठी टेकडीवरची ती जुनी पांढरी इमारत पाहताना मन एका बाजूला होत नव्हतं. बरोबरच्या एका नातेवाइकाने विचारलं, “काका, तुम्ही इथे हात जोडताय की काय?” मी म्हटलं, “भाषेच्या मास्तरला जोडतोय.” त्याला ते पटलं नाही, आणि मला स्वतःला पूर्ण पटलं होतं असंही नाही.

फिचचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तो मांडू, उज्जैन करीत आग्ऱ्याला आणि फत्तेपूर सिक्रीला गेला. जवाहिऱ्या लीड्स अकबराच्या चाकरीत राहिला. न्यूबेरी लाहोरच्या रस्त्याने घरी जायला निघाला आणि वाटेतच कुठेतरी नाहीसा झाला. फिच एकटा बंगाल, पेगू, मलाक्का हिंडून २९ एप्रिल १५९१ ला लंडनला पोचला, तेव्हा घरच्यांनी तो मेला असं धरून मृत्युपत्राची व्यवस्थाही उरकून टाकली होती. ईस्ट इंडिया कंपनी उभी राहत होती तेव्हा माहितीसाठी लोक त्याच्याकडेच येत. त्या माहितीत बुऱ्हाणपूरचं कापड होतं. म्हणजे साष्टीतल्या पाद्र्याने दिलेल्या जामिनाची वसुली शेवटी आपल्या विणकरांकडून झाली, असं म्हणायला जागा आहे. पण तो वेगळा लेख होईल.

हा लेख टंकित करून द्यायचं काम नातीने केलं. ती इंदूरला शिकते. लेख संपत आल्यावर तिने विचारलं, “आबा, ओवी म्हणजे नक्की काय हो? कवितेसारखी वाचायची, की म्हणायची?” मी चार चरण, यमक असं समजावायला लागलो. आतून तिची आजी म्हणाली, “वाचायची नसते ती,” आणि हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवून तिने माझ्या सासूबाई जात्यावर म्हणत ती एक ओवी म्हणायला सुरुवात केली.